परवलीचा शब्द आणि विद्यार्थ्याचें नांव

वर्गांत रोज हजेरी होते. शिक्षक नांव उच्चारतात, विद्यार्थी उठून "हजर" म्हणतो, आणि पटावर एक खूण पडते. या लहानशा विधींत तीन गोष्टी एकत्र येतात : एक नांव, त्या नांवाला उत्तर देणारा आवाज, आणि तो आवाज त्याच मुलाचा आहे हें ओळखणारी शिक्षकांची नजर. पैकीं तिसरी गोष्ट इतकी सहज घडते कीं, तिचें महत्त्व कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. एखाद्यानें गैरहजर मित्राच्या वतीनें "हजर" म्हटलें, तर अर्धा वर्ग हसतो आणि ही नजर लबाडी जागच्या जागीं पकडते. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें देशांतील शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आलें, तेव्हां नांव राहिलें, आवाजहि कधीं कधीं राहिला. पण ती ओळखणारी नजर नाहींशी झाली. शिक्षकांपुढें उरले ते काळे चौकोन आणि त्यांखालीं लिहिलेलीं नांवें. सांथ ओसरली, शाळा पुन्हां भरूं लागल्या. परंतु गृहपाठ, चांचणी, निकाल, फीची पावती असे पुष्कळ व्यवहार पडद्यावरच राहिले. म्हणून "पलीकडे खरोखर कोण आहे?" हा प्रश्न आतां आपल्या शाळांचा कायमचा प्रश्न झाला आहे, आणि त्याविषयीं विद्यार्थी व पालक या दोघांशींहि चार शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न अगदीं नवा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. गडाच्या दरवाजावरील पहारेकरी अवेळीं येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारीत असे. तो ज्यास ठाऊक, त्यासच प्रवेश मिळे. मराठेशाहींतील पत्रांवर आरंभीं शिक्का आणि शेवटीं मोर्तब उमटवीत. शिक्क्यानें पत्र कोणाचें हें समजे, आणि मोर्तबानें 'मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं अक्षर वाढवूं नये' अशी सीमा पडे. पवित्र शास्त्रांतील 'शास्ते' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत तिसरा प्रकार आहे. गिलादी लोकांनीं यार्देन नदीचे उतार रोखून धरले, आणि पार जाऊं पाहणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगितलें. एफ्राइमी मनुष्यास शब्द ऐकूं येई. पण त्याच्या जिभेला 'श' वळत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेथेंच मारला जाई.

आजच्या शास्त्रानें ओळख पटविण्याचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते या तीन गोष्टींत आधींच आलेले आहेत. मनुष्यास जें ठाऊक आहे, जसा परवलीचा शब्द अथवा पासवर्ड. त्याच्या हातीं जें आहे, जसा शिक्का अथवा आजचा मोबाइल. आणि त्याच्या अंगचें जें आहे, जसा उच्चार, बोटाचा ठसा किंवा चेहरा. विद्यापीठें व ग्रंथालयें यांच्यासाठीं तयार झालेल्या, व आज अनेक देशांत वापरांत असलेल्या एका लॉगिन-पद्धतीचें नांवच 'शिब्बोलेथ' असें आहे. परंतु ती मूळ कथा रक्तपाताची आहे, हें विसरून चालणार नाहीं. ओळख पटविण्याचें साधन निष्ठुर हातीं गेलें म्हणजे तें रक्षण करण्याऐवजीं माणसावरच उलटतें. या गोष्टीकडे आम्ही पुढें वळणार आहों.

संगणकावर पासवर्डाचा उपयोग प्रथम विद्येच्याच मंदिरांत झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकच यंत्र अनेकांस एका वेळीं वापरतां येईल अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाचे कागद प्रत्येकापाशींच राहावे, म्हणून प्रत्येकास एक खासगी शब्द देण्यांत आला. पुढच्याच वर्षीं तेथील एका संशोधक विद्यार्थ्यास यंत्रावरील आपला ठराविक वेळ अपुरा वाटूं लागला. त्यानें युक्तीनें सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापवून घेतली आणि इतरांच्या नांवावर आपलें काम चालू ठेविलें. पाहा, हा कोणी परदेशी हेर नव्हता, दरोडेखोरहि नव्हता. चार तास अधिक मिळावे म्हणून धडपडणारा एक हुशार विद्यार्थी होता.

साठ वर्षें लोटलीं, तरी त्या कथेचें सार बदललेलें नाहीं. ब्रिटनमधील माहिती-आयुक्तांच्या कार्यालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. शिक्षणसंस्थांतून माहिती फुटल्याचे जे २१५ प्रकार आंतील व्यक्तींकडून घडले, त्यांपैकीं शेंकडा ५७ विद्यार्थ्यांच्या हातून घडलेले होते. एकंदर प्रकारांपैकीं शेंकडा ३० चोरलेल्या लॉगिनमुळें झाले होते, आणि त्यांतील शेंकडा ९७ ठिकाणीं करणारे विद्यार्थीच होते. विशेष असें कीं, मोठें कौशल्य लागावें असे प्रकार शेंकडा ५ च होते. चोरलेल्या लॉगिनच्या प्रकारांत कोणाचा तरी पासवर्ड सहज ओळखतां आल्याचे, किंवा तो एखाद्या कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेला सांपडल्याचे प्रकार होते. कुलूप फोडलें गेलें नाहीं. किल्ली उंबऱ्यावरच पडलेली होती.

आपल्याकडे तर किल्ली पडलेली सांपडावी लागत नाहीं. ती दोस्तीखातर हातांत ठेविली जाते. "माझी चांचणी तूं सोडीव, तुझा प्रकल्प मी करतों," असा करार करणाऱ्या मुलांस आपण कांहीं गैर करीत आहों असें वाटतच नाहीं. उलट मैत्री निभावल्याचें समाधान वाटतें. अशा एका विद्यार्थ्याची हकीकत आमच्या पाहण्यांत आहे. बीजगणिताच्या आठ ऑनलाइन चांचण्या त्याच्या नांवानें त्याच्या मित्रानें सोडविल्या. गुण उत्तम पडले, आणि त्या गुणांवर विसंबून शिक्षकांनीं त्यास पुढच्या गटांत घातलें. तेथील एकहि उदाहरण त्यास सुटेना. 'मला कळत नाहीं' असें म्हणावें तर आधींचे गुण खोटे ठरतात. न म्हणावें तर अंधारांत बसावें लागतें. वर्षभर तो मुलगा मुकाट्यानें अंधारांत बसला. त्यास शिक्षा कोणीं केली नाहीं. पण त्याला मदतहि कोणाची झाली नाहीं, कारण ज्याला मदतीची गरज होती तो विद्यार्थी कोणाच्या पटावरच नव्हता. त्याच्या जागीं दुसराच कोणी हुशार मुलगा त्याचें नांव लावून बसला होता.

आमच्या मतें दुसऱ्यास पासवर्ड देण्याचा खरा तोटा हा आहे. कायद्याचा धाकहि आहेच : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६६ क या कलमान्वयें दुसऱ्याचा पासवर्ड कपटानें वापरणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि ६६ ड या कलमांत संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून ठकविणाऱ्यास तशीच शिक्षा सांगितली आहे. परंतु जो मुलगा केवळ तुरुंगाच्या भीतीनें सरळ वागतो, त्याची सरळता पहारेकरी दिसेनासा होईपर्यंतच टिकते. पासवर्ड म्हणजे कागदावर सही करणारा आपला हात आहे. तो हात उसना देतां येत नाहीं. त्या हातानें दुसऱ्यानें शिक्षकास शिवी लिहिली, तरी ती तुम्हींच लिहिली असें ठरेल; आणि त्या हातानें दुसऱ्यानें उत्तम निबंध लिहिला, तरी तुम्हांस त्यांतील एक ओळहि लाभणार नाहीं.

आतां चांगला पासवर्ड कोणता, तें सांगतों. शिक्षणसंस्था आपला पासवर्ड कसा जपते, हें समजलें म्हणजे पुढील नियम आपोआप पटतात. नेटकी व्यवस्था असेल तेथें तुमचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवीत नाहींत. तो एका गणिती जात्यांत दळून त्याचें पीठ तेवढें सांठवितात. तुम्ही पुन्हां शब्द टंकला कीं, तोहि दळला जातो, आणि दोन पिठें सारखीं निघालीं तर दार उघडतें. पिठावरून दाणा परत करतां येत नाहीं, म्हणून पीठ चोरीस गेलें तरी शब्द लगेच उघडा पडत नाहीं. पण चोर कांहीं कमी नाहीं. तो '12३४५६' सारखे लाखों सोपे शब्द स्वतःच दळून पाहतो आणि कोणतें पीठ जुळतें तें शोधतो. यावर उपाय म्हणून रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन या दोघांनीं १९७९ मध्यें प्रत्येकाच्या दाण्यांत निराळें मीठ मिसळण्याची युक्ति सांगितली. त्यामुळें दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळें निघतें, आणि चोरास प्रत्येकासाठीं निराळें दळण घालावें लागतें. तरीहि ज्याचा शब्दच सोपा आहे, त्यास मीठ किती वांचविणार?

यावरून तीन नियम निघतात. पहिला : आपलें नांव, जन्मतारीख, हजेरी-क्रमांक, आवडता क्रिकेटपटु यांपैकीं कांहींहि पासवर्ड करूं नये, शेजारच्या बांकावरच्या मुलास हें सर्व पाठ असतें. दुसरा : शब्द अवघड असण्यापेक्षां लांब असावा. अमेरिकेंतील निस्ट या मानक-संस्थेनें २०१७ मध्यें आपलें जुनें धोरण बदलून असेंच सांगितलें कीं, चित्रविचित्र चिन्हांची सक्ति आणि दर काहीं महिन्यांनीं शब्द बदलण्याची सक्ति करूं नये. शब्द लांब असूं द्यावा, तो फुटल्याचा संशय आला तरच बदलावा, आणि सर्वांस ठाऊक असलेले शब्द मुळांतच नाकारावे. एकमेकांशीं संबंध नसलेले चार साधे मराठी शब्द एकापुढें एक जोडले, तर मुलास ते लक्षांत राहतात आणि चोरास मात्र सांपडत नाहींत. तिसरा : एकच शब्द दोन ठिकाणीं वापरूं नये. खेळाच्या एखाद्या क्षुल्लक स्थळावरून तो फुटला, तर त्याच किल्लीनें शाळेचें दारहि उघडतें.

परंतु सर्व भार मुलांवर टाकून मोठ्यांस मोकळें होतां येणार नाहीं. अनेक शाळा नव्या वर्गास पासवर्ड वांटतात तो जन्मतारखेचाच असतो, आणि तो बदलण्यास कोणी सांगत नाहीं. हा दोष मुलांचा नव्हे. मोठमोठ्या कंपन्यांची गोष्टहि निराळी नाहीं. अमेरिका व कॅनडा येथील हजारों शाळांची दप्तरें सांभाळणारी पॉवरस्कूल ही कंपनी. डिसेंबर २०२४ मध्यें तिच्या मदतकक्षाच्या दारांतून, एका चोरलेल्या पासवर्डाच्या बळावर, कोणी आंत शिरला. त्या दारावर दुसरें कुलूप नव्हतें. म्हणजे पासवर्डानंतर मोबाइलवर येणारा आंकडा वगैरे कांहीं विचारलें जात नव्हतें. कोट्यवधि विद्यार्थ्यांचीं नांवें, पत्ते, जन्मतारखा, आणि कित्येकांच्या प्रकृतीविषयींची माहितीहि बाहेर गेली. कंपनीनें खंडणी भरली. तरी मे २०२५ मध्यें त्याच माहितीच्या आधारें शाळांकडे पुन्हां खंडणी मागण्यांत आली. आरोपी निघाला तो १९ वर्षांचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यास चार वर्षांची कैद झाली. आपल्या देशांतहि 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपमधील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व सुमारें सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुलूप न लावलेल्या सांठ्यांत उघडी पडली होती, असें जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. पासवर्ड फुटला तर बदलतां येतो. मुलाची जन्मतारीख, आजार आणि आईवडिलांचीं नांवें कशीं बदलणार?

म्हणून जी माहिती लागत नाहीं ती मागूंच नये, हें शाळेचें पहिलें कुलूप असें आम्ही मानतों. जें कोठारांत नाहीं, तें चोरीस जात नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस मूल मानलें आहे, आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची खात्रीलायक संमति घेण्यास सांगितलें आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्यानें अंमलांत यावयाचे आहेत. पालकांनीं यापुढें कोणत्याहि ॲपच्या अर्जावर डोळे मिटून होकार देऊं नये. "ही माहिती कशासाठीं? कोणाजवळ राहणार? मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसणार कीं नाहीं?" हे तीन प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे, तें पालकाचें कर्तव्य आहे.

आतां दुसरी बाजू. कुलूप चोरासाठीं असतें. पण कित्येकदां तें घरच्या मुलासच बाहेर ठेवतें. ओटीपीची सारी रचना 'एक मनुष्य, एक मोबाइल' या समजुतीवर उभी आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं ती समजूत खोटी ठरते. तीन भावंडांत एक मोबाइल. तोहि वडिलांबरोबर सकाळीं कारखान्यांत किंवा शेतावर जातो. मुलगी शेजारणीच्या मोबाइलवर चांचणी देऊं पाहते, आणि ओटीपी जातो वडिलांच्या खिशांत. दहा मिनिटांची मुदत संपते, आणि यंत्र तिला सांगतें कीं, तूं तूं नाहींस. यार्देनेच्या उतारावरील पहारेकऱ्याची आठवण आम्हांस अशा वेळीं होते. गरीबाच्या मुलास त्याच्या गरिबीमुळेंच परका ठरविणारी सुरक्षितता ही सुरक्षितता नव्हे. याला उपाय आहेत, आणि ते महाग नाहींत. एकदांच चालतील अशा आंकड्यांची छापील चिठ्ठी मुलास अगोदर देतां येते. वर्गशिक्षकांस मुलाचा पासवर्ड नव्यानें करून देण्याचा अधिकार देतां येतो, कारण त्या मुलास प्रत्यक्ष ओळखणारा मनुष्य शाळेंत तोच आहे. चांचणीची मुदत तासाऐवजीं दिवसाची ठेवतां येते. दुसरें कुलूप अवश्य असावें. पण तें शिक्षकांच्या व कचेरीच्या दारावर आधीं असावें, कारण भांडार तेथें आहे.

परीक्षेच्या वेळीं कॅमेऱ्याकडून घर धुंडाळण्याच्या प्रकाराविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठानें रसायनशास्त्राच्या एका ऑनलाइन परीक्षेपूर्वीं विद्यार्थ्यास निजण्याची खोली कॅमेऱ्यानें फिरवून दाखवावयास लाविलें. तो न्यायालयांत गेला, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें संघराज्याच्या न्यायाधीशांनीं अशी झडती घटनाविरुद्ध ठरविली. आपल्याकडे एका खोलीच्या चाळींतील मुलास 'खोली दाखीव' म्हणणें, म्हणजे त्याची आजारी आजी, दोरीवरचे कपडे आणि घरचें सारें दारिद्र्य परक्या डोळ्यांपुढें मांडावयास लावणें आहे. कोणी म्हणतील, "पहारा नसेल तर लबाड पुढें जातील, आणि प्रामाणिक मुलांचें नुकसान होईल." ही शंका रास्त आहे, आणि ती झिडकारून चालणार नाहीं. पण तिचें उत्तर घरांत कॅमेरा घुसविणें हें नव्हे. २०१७ पासून चालू असलेल्या 'स्वयम्' या सरकारी योजनेनें चांगला मार्ग दाखविला आहे : शिकावयाचें तें घरीं, हवें तेव्हां; पण प्रमाणपत्र हवें असल्यास परीक्षा केंद्रावर, ओळखपत्र दाखवून, समोरासमोर. ज्या परीक्षेवर मुलाचें वर्ष अवलंबून आहे ती डोळ्यांसमोर घ्यावी. घरच्या चांचणीस थोडे गुण ठेवावे आणि तिचा उपयोग काय समजलें नाहीं तें शोधण्याकडे करावा. ज्या चांचणींत चोरण्याजोगें फारसें नाहीं, तिच्यासाठीं तोतया कोण पाठवील? आणि शंका आलीच, तर मुलास जवळ बोलावून, "हें उदाहरण कसें सोडविलेंस तें सांग पाहूं," असें विचारावें. पांच मिनिटांच्या त्या संभाषणाची बरोबरी कोणतेंहि यंत्र करणार नाहीं. विशेषतः चेहरा आणि आवाज यांचीहि हुबेहूब नक्कल करणारीं यंत्रें निघालेल्या या काळांत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या आईवडिलांनीं तुम्हांस जें नांव दिलें, त्याची राखण आजवर घर, गल्ली आणि शाळा हीं सर्व मिळून करीत आलीं. आतां त्या राखणीचा थोडा भाग तुमच्या हातीं आला आहे. आज घरीं गेल्यावर शाळेनें दिलेला जन्मतारखेचा पासवर्ड बदला. मित्रानें मागितला तर, "चल, शेजारीं बैस, तुला समजावून देतों," असें म्हणा. मैत्रीचें तें अधिक खरें रूप आहे. कोणी फसविलें, धमकाविलें, तर लपवूं नका. आईवडिलांस किंवा शिक्षकांस त्याच दिवशीं सांगा. आणि पालकहो, मूल असें सांगावयास आलें, तर आधीं रागावूं नका. आधीं ऐकून घ्या. ऑनलाइन फसवणूक होऊन पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवा. ज्या घरांत मुलास खरें बोलण्याची भीति वाटत नाहीं, त्या घराचें दार चोरास सहसा सांपडत नाहीं.